कागदावर उतरलेले शहर
(चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर)

रायसीना टेकडीवरील सचिवालयाच्या वास्तू दिल्लीकरांच्या नित्य परिचयाच्या आहेत. या वास्तूंच्या सजावटीत एका मराठी चित्रकाराच्या कुंचल्याचाही वाटा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात नवी दिल्ली आकार घेत असताना विधी सदस्यांच्या दालनासाठी त्यांनी चित्रे रंगवली. परंतु शासकीय दालनापर्यंत सर्वसामान्यांची पावले सहसा पोहोचत नाहीत. धुरंधर घरोघरी पोहोचले ते पुस्तकांच्या पानांवरून आणि टपालाच्या कार्डांवरून.

त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० साली त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स तेव्हा शाळेचे प्रमुख होते. धुरंधरांच्या रेखाटनाची शिस्त याच वातावरणात घडली. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि लवकरच ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

मुंबई तेव्हा झपाट्याने पालटत होती. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले. १८९८ मध्ये सुधारणा मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात येऊ लागले. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. जुने शहर डोळ्यांदेखत मागे पडत होते. अशा काळात धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे चित्रित केली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या चित्रांची रंगीत पोस्टकार्डे निघाली. पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्‌स यांनी मुंबईच्या गल्लीबोळांवर लिहिलेल्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) या पुस्तकाला त्यांचीच चित्रे लाभली. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि रॉथफील्ड यांच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली.

तैलरंगाइतकेच जलरंगावरही त्यांचे प्रभुत्व होते. हे माध्यम वरकरणी सोपे, पण मोठे कठोर आहे. तैलरंगात चुकलेला भाग नव्या थराखाली झाकता येतो. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. तो एकदा रंगाखाली गेला की सहसा परत मिळत नाही. त्यामुळे शहराचे साधे दृश्य रंगवतानाही क्रम पाळावा लागतो. आधी पेन्सिलीची हलकी रेषा, मग आकाश आणि दूरच्या इमारती यांसाठी पातळ, फिकट रंग. तो वाळल्यावर जवळच्या घरांच्या सावल्या आणि अखेरीस गडद रंगाचे मोजके फटकारे. एखादी खिडकी, एखादे पागोटे, डोईवर पाटी घेतलेली एखादी कोळीण त्या चार फटकाऱ्यांतून उभी राहते. काय रंगवायचे याइतकेच कोणती जागा कोरी सोडायची हेही आधी ठरवावे लागते. असा निर्णय क्षणात घेता येतो तो वर्षानुवर्षांच्या रेखाटनामुळेच, आणि धुरंधरांनी रेखाटनाचा सराव कधी सुटू दिला नाही. त्यांच्या चित्रांत शहर म्हणजे केवळ इमारती नव्हेत. पेहरावावरून, उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखू येणारी माणसे हेच त्यांचे शहर होय.

सरकारने १९२७ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. कलाशाळेचे प्रमुखपद मात्र परंपरेने इंग्रजांकडेच राहिले होते. शाळेशी चार दशकांचे नाते जुळल्यानंतर, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १९३० मध्ये ते पद धुरंधरांकडे आले, तेही हंगामी स्वरूपात. तरीही त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय ठरले. १९३१ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी नव्या राजधानीचे उद्‌घाटन झाले. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांनी पदव्या व पदके मोजली नाहीत, शाळेतील वर्षे मोजली. कन्या अंबिका यांनीही वडिलांच्या वाटेने जात चित्रकलेलाच वाहून घेतले. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले.

त्यांच्या कलाकृती आज दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. त्यांनी पाहिलेली मुंबई आता उरलेली नाही. ती कागदावर मात्र टिकून आहे. दिल्लीही रोज पालटते आहे. पहाडगंजची एखादी गल्ली, करोलबागेतला एखादा जुना सज्जा उद्या असेलच, असे नाही. रंगांची पेटी, पेलाभर पाणी आणि एक कोरा कागद एवढी सामग्री कोणत्याही विद्यार्थ्याच्या दप्तरात मावते. बाकी लागते ती धुरंधरांसारखी आपल्या गावाकडे रोज नव्याने पाहण्याची सवय.