घटक ५ : पालवणकर बाळू – एका क्रिकेटपटूचे चरित्र

५.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
– पालवणकर बाळू यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
– खेळातील कर्तृत्व आणि समाजातील स्थान यांतील अंतर स्पष्ट करता येईल;
– व्यक्तीच्या चरित्रातून काळाचे चित्र कसे उभे राहते, हे समजून घेता येईल.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण साहित्यिक व समाजसुधारक यांची चरित्रे अभ्यासली. ती माणसे स्वतःविषयी लिहू शकत होती. त्यांचे ग्रंथ आणि त्यांची पत्रे चरित्रकाराच्या हाताशी होती. या घटकातील नायकाची साधने वेगळी आहेत. त्याचे कर्तृत्व धावफलकावर नोंदले गेले. त्याच्या मनातले मात्र आपल्याला त्याच्या कृतींवरूनच ओळखावे लागते. ज्या माणसाचे कौशल्य सर्वांना हवे होते, त्याला नेतृत्व देण्यास समाज का कचरला, हा प्रश्न मनात ठेवून आपण पुढील विवेचन वाचावे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ चार रुपयांची चाकरी

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. पालवणकर हे आडनाव त्यावरूनच पडले. त्यांची जात चांभार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य गणली जाणारी. कुटुंब पुण्यात राहत असताना लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले.

पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे ही त्यांची पहिली नोकरी. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर तशीच चाकरी मिळाली. तेथे जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे ही कामे करता करता सरावासाठी येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. त्या काळचा नामांकित फलंदाज ग्रेग हा त्यांच्यासमोर तासन् तास सराव करी. या सरावातूनच डावखुरी, मंदगती फिरकी गोलंदाजी बाळूंच्या हाती घोटली गेली.

येथे एक बाब आपण ध्यानात घ्यावी. या क्लबात बाळूंच्या हाती कधी बॅट देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबाचा अधिकार होता आणि गोलंदाजी हे चाकराचे कष्ट. खेळातील श्रमविभागणीवर समाजातील श्रमविभागणीची अशी छाप होती.

५.३.२ मैदानावर एकत्र, पंगतीला वेगळे

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. पण संघात सवर्ण खेळाडू होते. बराच वाद होऊन बाळूंना घेण्यात आले. त्यांनी टाकलेला चेंडू इतर खेळाडू हाताळत, त्याला विटाळ होत नसे. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. हा विरोधाभास तेव्हाही काहींना खटकला. साताऱ्याच्या युरोपियन संघावरील विजयानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. मैदानावर सोबत खेळणाऱ्यांनी जेवणातही सोबत असावे, असा त्या गौरवाचा आशय होता.

पुढे बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघाचे दार उघडले. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद सर्वांनी साजरा केला.

५.३.३ इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. संघाने २३ सामने खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले. दुर्बळ ठरलेल्या या संघात बाळूंनी एकट्याने ११४ बळी मिळवले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि प्रत्येक बळीमागे सुमारे १५ धावा, ही त्यांच्या एकूण कारकिर्दीची नोंद आजही अभ्यासकांना थक्क करते. कारकिर्दीची उमेदीची वर्षे अशा सामन्यांविना गेली, हेही ती वाचताना विसरू नये.

५.३.४ कर्णधारपदाचा प्रश्न

बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल आणि गणपत हेही हिंदू संघात आले. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन यांच्या चौरंगी स्पर्धेत या भावंडांवाचून हिंदू संघाचे पान हलत नसे. तरीही दरवर्षी कर्णधारपद सवर्ण खेळाडूकडेच जाई. १९२० मध्ये कर्णधार पै आजारी पडले. अनुभवाने पालवणकरांचा हक्क पहिला असताना कर्णधारपद देवधरांकडे गेले. बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. जनमताचा दबाव वाढला. अंतिम सामन्यासाठी भावंडांना परत बोलावण्यात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने जे दार ठोठावले, ते धाकट्यासाठी उघडले.

५.३.५ राजकारणातील उत्तरायुष्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तरुण वयात बाळूंचे चाहते होते. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे कराराच्या काळात बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले आणि धर्मांतराचा विचारही त्यांना मान्य झाला नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. अस्पृश्यांचे दोन मानकरी परस्परांसमोर उभे ठाकावेत, हा या चरित्रातील सर्वांत बोचरा प्रसंग होय. बाळूंना सवर्ण समाजाच्या अंगणात हळूहळू जागा मिळाली होती. तेथूनच पुढे जाता येईल, असा त्यांचा विश्वास असावा. आंबेडकरांना त्या अंगणाच्या मर्यादा अधिक स्पष्ट दिसत होत्या. कोणाचे बरोबर, हे ठरवण्यापूर्वी प्रत्येकाच्या अनुभवाची वाट आपण पाहावी. १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले.

५.४ समारोप

बाळूंना आधी मजूर म्हणून, मग गोलंदाज म्हणून आणि शेवटी उमेदवार म्हणून बोलावले गेले. प्रत्येक वेळी त्यांचे कौशल्य वा नाव कोणाच्या तरी कामी आले. निर्णय घेण्याचा अधिकार मात्र क्वचितच त्यांच्या हाती आला. त्यांच्या चरित्राचे मोल केवळ बळींच्या संख्येत मोजता येत नाही, ते यामुळेच. विठ्ठल पालवणकर यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मकथन लिहिले. खेळाडूने स्वतःची कथा स्वतः सांगण्याचा हा अधिकार थोरल्या भावाच्या अबोल कष्टांवर उभा होता.

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१. मैदानावरील समानता आणि मैदानाबाहेरील विषमता यांची या घटकातील उदाहरणे द्या.
२. १९२० च्या निषेधाचे महत्त्व आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. १९३७ च्या निवडणुकीतील दोन्ही उमेदवारांच्या भूमिकांची तुलना करा.

उपक्रम : आपण बुलढाणा जिल्ह्यातील असाल, तर खामगाव, मेहकर, चिखली अथवा आपल्या जवळच्या गावातील मैदानाची किंवा कुस्तीच्या आखाड्याची निगा राखणाऱ्या व्यक्तीशी बोला. तिची दिनचर्या, तिचा मोबदला आणि खेळाडूंशी असलेले तिचे नाते यांवर दोनशे शब्दांचे टिपण लिहा.