छिद्रांची लिपी : जोसेफ मारी जाकार

रेशमी शालूच्या अंगावरील वेलबुट्टी पाहून आपण विणकराच्या हाताचे कौतुक करतो. परंतु ती वेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच डौलाने कशी चालत गेली, शंभरावे फूल पहिल्या फुलासारखेच कसे उमलले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात युरोपातील कित्येक कारागिरांची आयुष्ये वेचली गेली. त्यांच्यापैकी ज्याचे नाव आजही मागामागावर घेतले जाते, तो फ्रान्समधील लियोन नगरीचा विणकर जोसेफ मारी जाकार. आपल्याकडील विणकर ज्याला ‘जॅकार्ड’ म्हणतात, ते साधन याच गृहस्थाच्या नावाने ओळखले जाते. इतकेच नव्हे, तर आज कारखान्यांतून पोलाद कातणारी जी यंत्रे लिखित आज्ञेबरहुकूम आपोआप चालतात, त्यांच्या वंशवृक्षाचे एक जुने मूळ शोधू लागल्यास ते या विणकराच्या मागापाशी येऊन पोहोचते. म्हणून त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

जोसेफचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी लियोन येथे झाला. लियोन हे त्या काळी रेशमी वस्त्रांचे माहेरघर होते. वडील स्वतःचे माग बाळगणारे विणकर, तर आई नक्षीवाचक होती. चित्रकाराने कागदावर काढलेली नक्षी चौकटी-चौकटीने वाचून कोणत्या ओळीला कोणते धागे उचलावयाचे, हे ठरविणे म्हणजे नक्षीवाचन. पुढे ज्या पुत्राने नक्षी वाचणाऱ्या यंत्राला आपले नाव दिले, त्याच्या आईचा व्यवसाय हा असावा, हा मोठा हृद्य योगायोग होय. या दांपत्यास नऊ अपत्ये झाली; परंतु त्यांतील जोसेफ आणि त्याची बहीण क्लेमांस ही दोघेच जगली. जोसेफ दहा वर्षांचा असताना आईही निवर्तली. शाळेचा लाभ त्याला घडला नाही. बहिणीचे यजमान बारे हे मुद्रक व ग्रंथविक्रेते होते. त्यांनी या पोरक्या मुलाला हाताशी धरून लिहावयास-वाचावयास शिकविले.

त्या काळचा नक्षीचा माग कसा चाले, हे ध्यानात घेतल्यावाचून जाकार यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. वस्त्रात उभे धागे असतात, त्यांस ताणा म्हणतात. आडवा धागा तो बाणा. साध्या कापडात ताण्याचे धागे एकाआड एक उचलून मधून धोटा फेकला की काम भागते. नक्षीच्या कापडात मात्र प्रत्येक आडव्या धाग्याला निराळे उभे धागे उचलावे लागतात. हे काम विणकराच्या एकट्या हाताने होत नसे. मागाच्या कडेला एक मदतनीस, पुष्कळदा लहान मुलगा किंवा मुलगी, उभे राहून दोऱ्यांचे जड जुडगे क्रमाने ओढून धरी. दिवसभर ओढताना कोवळे खांदे भरून येत, पाठी वाकत. आणि एक दोरी चुकली की नक्षी बिघडे. एवढे करून दिवसाकाठी वस्त्र निघे ते बोटांनी मोजण्याइतकेच. जुने चरित्रकार सांगतात की, बालपणी जोसेफच्याही वाट्याला हे दोऱ्या ओढण्याचे काम आले होते आणि ते त्याला झेपले नाही.

१७७२ साली वडील वारले आणि घर, माग व गावाकडील थोडी शेतीवाडी जाकार यांच्या हाती आली. १७७८ मध्ये क्लोदीन ब्वाशों या विधवा स्त्रीशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी एक पुत्र झाला. परंतु संसाराची घडी बसली नाही. कर्ज वाढले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. वडिलार्जित मिळकत विकावी लागली आणि पत्नीच्या स्त्रीधनालाही हात घालावा लागला. ज्यांची नावे पुढे पुतळ्याखाली कोरली जातात, त्यांच्या आयुष्यात अशी वर्षे येतच नाहीत, असा समज आपण करून घेऊ नये.

तोच फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३ मध्ये लियोन शहर पॅरिसच्या क्रांतिसरकाराविरुद्ध उठले आणि त्याला वेढा पडला. जाकार शहराच्या बाजूने लढले; पण शहर पडले. तेव्हा ते आपल्या किशोरवयीन पुत्रासह निसटले, आणि जीव वाचविण्यासाठी म्हणा वा निरुपायाने म्हणा, बापलेक दोघेही क्रांतीच्याच सैन्यात दाखल झाले. ऱ्हाईन नदीच्या काठच्या मोहिमेत हायडेलबर्गजवळ तो एकुलता एक पुत्र बापाच्या सोबत लढत असताना मारला गेला. जाकार एकटे लियोनला परतले. वय पंचेचाळिशीच्या घरात, हाती पैसा नाही, पाठीमागे वंश नाही.

अशा स्थितीत मनुष्य खचून जावयाचा. परंतु जाकार यांच्या कर्तृत्वाचा काळ येथूनच सुरू झाला. १८०१ साली पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी सुधारलेला नक्षीचा माग मांडला आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. पुढे मासे धरण्याची जाळी विणणारे यंत्रही त्यांनी तयार केले. त्या निमित्ताने त्यांना पॅरिसच्या कला व शिल्पांच्या राष्ट्रीय संग्रहालयात बोलावणे आले. तेथे व्होकान्सों या थोर यंत्रज्ञाने केलेला एक जुना माग ठेवलेला होता.

येथे थोडे मागे जाणे प्राप्त आहे. छिद्रांनी माग चालविण्याची कल्पना जाकार यांची मुळीच नव्हे. १७२५ मध्ये बुशों नावाच्या लियोनच्याच कारागिराने छिद्रे पाडलेली कागदाची लांब पट्टी वापरून धागे निवडण्याची युक्ती काढली. १७२८ मध्ये फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांस ओवलेली पुठ्ठ्याची पाने वापरली. व्होकान्सों याने मदतनिसाची गरजच उरू नये, अशी यंत्ररचना केली. मात्र यांपैकी एकही माग बाजारात रुजला नाही. जाकार यांनी या तिघांच्या कल्पना एकत्र आणल्या आणि १८०४ मध्ये असे साधन सिद्ध केले की, सामान्य विणकराने एकट्याने पायाने पावडी दाबावी आणि नक्षी उमटत जावी.

त्याची रचना अशी. ताण्याचे धागे उभ्या आकड्यांना जोडलेले असतात आणि प्रत्येक आकड्याला एक आडवी सुई अडकविलेली असते. सुयांच्या टोकांवर पुठ्ठ्याचे एक पान येऊन टेकते. जेथे पानाला छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, आकडा जागचा हलत नाही, आणि वर जाणारी दांडी त्याला धाग्यासह उचलून घेते. जेथे छिद्र नसेल तेथे पान सुईला मागे ढकलते, आकडा दांडीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. धोटा फेकून झाला की पान बदलते. एका आडव्या ओळीला एक पान. जितक्या ओळी तितकी पाने. छिद्र म्हणजे होकार आणि कोरी जागा म्हणजे नकार, एवढ्या दोनच अक्षरांच्या या लिपीत कोणतीही नक्षी लिहून ठेवता येऊ लागली. नवी नक्षी हवी असल्यास माग मोडावयास नको. पानांची माळ बदलली की झाले.

१८०५ मध्ये बादशहा नेपोलियन लियोनला आला असता त्याने हा माग पाहिला. यंत्राचा हक्क शहराच्या स्वाधीन करण्यात आला आणि त्या बदल्यात जाकार यांना तीन हजार फ्रँकांचे आजन्म वर्षासन व काही वर्षांपुरते प्रत्येक नव्या मागामागे पन्नास फ्रँक मिळावेत, असे ठरले. सरकारने गौरव केला. पण शहरातील विणकरांच्या मनात भय उत्पन्न झाले. दोऱ्या ओढून चार पैसे मिळविणाऱ्या मुलाबाळांचे काय? ज्याचे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने आले, त्याचे मोल काय राहणार? जाकार यांचा भर रस्त्यात अपमान झाला, माग मोडून जाळण्यात आले, अशी परंपरा सांगितली जाते. स्वतः विणकराचा मुलगा असलेल्या माणसाला आपल्याच जातभाईंचा रोष सोसावा लागला. शिवाय यंत्रात काही उणिवाही होत्या. त्या ब्रतों नावाच्या कारागिराने १८१५ च्या सुमारास दूर केल्या, आणि त्यानंतरच हे साधन खऱ्या अर्थाने घरोघर पोहोचले. ब्रतोंचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही.

१८१९ मध्ये जाकार यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला. उतारवयात ते लियोनजवळच्या उलें गावी राहत. परंतु तेथून जवळच, १८३१ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा १८३४ च्या एप्रिलात, लियोनचे विणकर रस्त्यावर उतरले आणि दोन्ही वेळा रक्त सांडले. १८३१ मधील त्यांचे गाऱ्हाणे मागाविषयी नव्हते. विणाईचा किमान दर ठरवून द्यावा आणि व्यापाऱ्यांनी तो पाळावा, एवढीच त्यांची मागणी होती. यंत्राने खांद्यावरचा भार हलका केला हे खरे. पण श्रमाचे मोल कोणी आणि कसे ठरवावे, हा प्रश्न यंत्राला सोडविता आला नाही. तो माणसांनीच सोडवावयाचा असतो. दुसऱ्या उठावानंतर चारच महिन्यांनी, ७ ऑगस्ट १८३४ रोजी, जाकार यांनी देह ठेवला. १८४० मध्ये लियोनवासीयांनी त्यांचा पुतळा उभारला.

त्यांची कीर्ती पुढे वस्त्राच्या वाटेनेच पसरली. १८३९ मध्ये लियोनला त्यांचे एक चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे चोवीस हजार पाने लागली. पाहणाऱ्यास ते कोरीव छापील चित्रच वाटे. इंग्लंडमधील गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत संग्रही ठेवली होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी अशीच पाने योजिली होती. ते यंत्र पुरे झाले नाही. पण कल्पना टिकली. १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हॉलेरिथ यांनी सच्छिद्र पत्रिकांनी माणसांची मोजदाद केली. १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत धातू कातणारे एक यंत्र सच्छिद्र कागदी पट्टीच्या आज्ञेने चालवून दाखविण्यात आले. त्यामागे हेलिकॉप्टरची पाती बनविणारे जॉन पार्सन्स यांची कल्पना होती. पुढे अशा यंत्रांसाठी ‘एपीटी’ नावाची भाषा तयार झाली, आणि ‘जी-कोड’ नावाची आज्ञावली तर जगभर रूढ झाली. तीत ‘जी ०१’ लिहिले की हत्यार सरळ रेषेत कापत जाते, ‘जी ०२’ लिहिले की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळते. पट्ट्या गेल्या, संगणक आले. पण आज्ञा आधी लिहून ठेवावी आणि यंत्राने ती ओळीओळीने वाचावी, ही रीत तीच राहिली.

आपल्याकडेही ही परंपरा दूरची नाही. येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावरील मोर आजही छोट्या तिल्ल्यांनी हाताने भरतो. पण अंगभर नक्षीच्या ब्रोकेड पैठणीसाठी मागावर जॅकार्ड चढविलेले असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन संगणकी यंत्रासमोर उभे राहतील. यंत्र आज्ञाधारक आहे, पण विचारी नाही. छिद्र चुकीच्या जागी पडले तर ते चुकीचाच धागा उचलते. अंक चुकला तर पोलादाचा तुकडा वाया घालविते. म्हणून आज्ञा लिहिणाऱ्याने काळजीपूर्वक लिहावी. आणि आपल्या हातून काही नवे घडले, तर बुशों, फाल्कों, व्होकान्सों व ब्रतों या मागच्या-पुढच्यांची आठवण ठेवावी, तसेच त्या नव्या साधनामुळे कोणाचे ओझे उतरले आणि कोणाची रोजी गेली, हेही पाहावे. जाकार यांच्या चरित्रापासून घेण्याजोगा बोध तो हाच.