अंधारात पाहिलेलं

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी जरा कच्चं आहे. चुका पोटात घाला! पण मराठी विभागाला लेख द्यायचाच तर ज्याच्या एका गोष्टीने माझी झोप उडवली, त्याच्यावर लिहावं असं ठरवलं. तो म्हणजे अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न.

त्याचा जन्म ४ जुलै १८०४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या बंदराचा. वडील जहाजाचे कप्तान. १८०८ मध्ये ते परमुलखात तापाने गेले. आई तीन मुलांना घेऊन माहेरी आली. पैसा नव्हता, पण पूर्वजांचं नाव मोठं होतं आणि तेच त्याचं दुखणं होतं.

१६९२ मध्ये सेलमला चेटकिणींचे खटले चालले आणि १९ जणांना फाशी झाली. न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा आपल्या लेखकाचा खापरपणजोबा. त्या कोर्टात एक अजब पुरावा चालायचा. एखाद्या मुलीने सांगायचं की अमक्या बाईची आकृती रात्री आली आणि मला चिमटे काढून गेली. ती बाई तेव्हा घरी झोपलेली असली तरी चालेल! एका न्यायाधीशाने १६९७ मध्ये चर्चमध्ये सर्वांसमोर चूक कबूल केली. हॅथॉर्नने तसं केल्याची नोंद नाही. नॅथॅनिएलने तरुणपणी आडनावात एक अक्षर वाढवलं, हॅथॉर्नचा हॉथॉर्न झाला. या पूर्वजापासून लांब जायला, असं पुष्कळ जण मानतात.

१८२५ मध्ये तो बोडिन कॉलेजातून पदवीधर झाला. कवी लाँगफेलो त्याचा वर्गमित्र. नंतर जवळजवळ बारा वर्षं तो सेलमच्या घरात लिहीत बसला. पहिली कादंबरी १८२८ मध्ये स्वखर्चाने छापली, मग लाज वाटून हाती लागतील त्या प्रती नष्ट केल्या. आपण फेल गेलेली मार्कशीट लपवतो तसं!

१८३५ मध्ये आली 'यंग गुडमन ब्राऊन', तीही नाव न घालता. ब्राऊन हा सेलमचा तरुण. त्याच्या बायकोचं नाव फेथ, म्हणजे श्रद्धा. एका रात्री तो तिला घरी सोडून जंगलात जातो. तिथे सैतानाच्या सभेत त्याला गावचे धर्मगुरू दिसतात, लहानपणी धर्माचे धडे देणारी म्हातारी दिसते आणि शेवटी फेथसुद्धा. पुढच्याच क्षणी तो जंगलात एकटा उभा असतो. हे स्वप्न होतं की खरं? हॉथॉर्न सांगतच नाही. ब्राऊन मात्र मनात निकाल लावून मोकळा होतो. त्यानंतर त्याला प्रार्थना ऐकवत नाही, बायकोकडे धड बघवत नाही. म्हातारा होऊन मरेपर्यंत तो तसाच कुढत राहतो.

वाचताना मला आमच्या मॉरल सायन्सच्या सिस्टर आठवल्या. त्याहून जास्त आठवली आमच्या विंगमधली एक मुलगी. तिसऱ्या सेमिस्टरला माझा कॅल्क्युलेटर गेला. आदल्या रात्री लाइट गेले असताना माझ्या टेबलापाशी ती उभी दिसली होती. म्हणजे तिच्यासारखं कोणीतरी. मी तिला काही विचारलं नाही, फक्त बोलणं टाकलं. सहा महिने! खापरपणजोबांच्या कोर्टात माझी साक्ष सहज चालली असती.

पुढे हॉथॉर्नने १८४२ मध्ये सोफिया पीबॉडीशी लग्न केलं. सेलमच्या कस्टम हाउसमध्ये नोकरी धरली. सरकार बदललं आणि १८४९ मध्ये ती गेली. १८५० च्या 'द स्कार्लेट लेटर'ने तो प्रसिद्ध झाला. १८५६ मध्ये मित्र मेल्व्हिल भेटून गेल्यावर त्याने डायरीत नोंदवलं, की या माणसाला विश्वासही ठेवता येत नाही आणि अविश्वासातही चैन पडत नाही. मला वाटतं, ते त्याला स्वतःलाही ओळखीचं असावं. १९ मे १८६४ रोजी, कॉलेजमित्र आणि माजी राष्ट्राध्यक्ष पिअर्सबरोबर प्रवासात असताना, तो झोपेतच गेला.

त्याची मुलगी रोझ पुढे कॅथलिक झाली, नन झाली आणि तिने गरीब कॅन्सर रुग्णांची सेवा केली. म्हणजे शंका घेणाऱ्याच्या घरात श्रद्धा टिकली. विझली ती ब्राऊनच्या घरात, कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांवर कधी शंका घेतलीच नाही.

कॅल्क्युलेटर अजून सापडलेला नाही. काल मेसमध्ये मात्र मी माझं ताट तिच्या समोर नेऊन ठेवलं. तिने मीठ पुढे सरकवलं.