जॉर्ज कॅडबरी आणि एका फार्दिंगचा निकाल

डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयात एका अब्रुनुकसानीच्या खटल्याचा निकाल लागला. फिर्यादी होती कॅडबरी बंधूंची चॉकलेट कंपनी आणि प्रतिवादी होते लंडनचे ‘द स्टँडर्ड’ हे दैनिक. ज्यूरीने कौल फिर्यादीच्या बाजूने दिला, कंपनीची बदनामी झाली हे मान्य केले, आणि नुकसानभरपाई म्हणून एक फार्दिंग मंजूर केला. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्या काळच्या विनिमयदराने हिंदुस्थानातील बरोबर एक पैसा. खटला जिंकला, पण अब्रूची किंमत एक पैसा ठरली! ज्या कंपनीच्या वाट्याला हा विचित्र विजय आला, तिचे प्रमुख जॉर्ज कॅडबरी हे त्या वेळी इंग्लंडमधील सर्वांत सज्जन कारखानदार म्हणून ओळखले जात होते. ही ओळख खोटी नव्हती. म्हणूनच त्यांचे चरित्र विचार करायला लावणारे आहे.

जॉर्ज यांचा जन्म १८३९ सालचा. वडील जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमला चहा, कॉफी आणि कोको विकण्याचे दुकान घातले होते. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथाच्या लोकांना इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांची दारे तेव्हा बंद होती आणि लष्करी पेशा त्यांना स्वतःलाच वर्ज्य होता. उरला तो व्यापार. त्यातही मद्याला विरोध असल्यामुळे, श्रमजीवी माणसाला दारूऐवजी एखादे पौष्टिक पेय मिळावे ही तळमळ या मंडळींच्या कोकोच्या धंद्यामागे होती. जॉर्ज यांचे शालेय शिक्षण लवकर संपले. यॉर्क येथे राउन्ट्री या क्वेकर कुटुंबाच्या किराणा दुकानात त्यांनी उमेदवारी केली. १८६१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, थोरले बंधू रिचर्ड यांच्यासह त्यांनी वडिलांचा कारखाना ताब्यात घेतला, तेव्हा तो बुडण्याच्या बेतात होता. कामगार फारच थोडे उरले होते. आईकडून आलेला वारसा दोघा भावांनी धंद्यात ओतला. जॉर्ज यांनी तर चहा आणि वर्तमानपत्र यांवरचा खर्चदेखील बंद केला. १८६४ मध्ये पहिला किरकोळ नफा दिसला.

त्या काळचा कोको हा नावाचाच कोको असे. कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मे स्निग्ध द्रव्य असते; ते पेयावर तवंगासारखे तरंगते. तो तवंग शोषून घेण्यासाठी बटाट्याचे सत्त्व, साबुदाण्याचे पीठ, काकवी असे पदार्थ त्यात मिसळत. काही उत्पादक तर रंगासाठी लाल माती किंवा विटांचा भुगा घालण्यापर्यंत मजल मारीत. कॅडबरींच्या स्वतःच्या मालातही खरा कोको एक पंचमांशच असे. हॉलंडमधील फान हाउटेन यांनी १८२८ मध्ये बियांमधील स्निग्धांश दाबून काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. जॉर्ज यांनी हॉलंडला जाऊन ते यंत्र विकत आणले आणि १८६६ मध्ये भेसळ नसलेला कोको बाजारात ठेवला. पुढे १८७० नंतरच्या दशकात भेसळप्रतिबंधक कायदे झाले, त्या वेळी शुद्धतेचा हा आग्रह कंपनीला चांगलाच फळला. सचोटी आणि नफा एकाच वाटेने चालू शकतात, असा अनुभव जॉर्ज यांना आयुष्याच्या उंबरठ्यावरच आला. त्या अनुभवाने त्यांना मोठे केले, आणि कदाचित थोडे गाफीलही केले.

धंदा वाढला तसा शहरातील कोंदट कारखाना अपुरा पडू लागला. १८७९ मध्ये दोघा भावांनी तो शहराबाहेर सुमारे चार मैलांवर मोकळ्या माळावर हलवला आणि त्या जागेला बोर्नव्हिल हे नाव दिले. शनिवारी अर्धी सुट्टी, खेळाची मैदाने, पोहण्याचे तलाव, निवृत्तिवेतनाचा निधी, तरुण कामगारांसाठी शिक्षणाचे वर्ग अशा सोयी तेथे एकेक करून उभ्या राहिल्या. दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. लग्न होताच स्त्री-कामगारांना नोकरी सोडावी लागे, आणि मालकाच्या धर्मनिष्ठेची शिस्त कामगारांच्या जीवनावर पसरलेली असे. तथापि जॉर्ज यांची दृष्टी कारखान्याच्या भिंतीपाशी थांबली नाही, हे महत्त्वाचे. तरुणपणापासून सुमारे पन्नास वर्षे दर रविवारी सकाळी ते प्रौढांच्या शाळेत शिकवीत. लिहिणे-वाचणे शिकायला येणाऱ्या या मजुरांच्या घरी गेल्यावर त्यांना गलिच्छ वस्त्यांची खरी कल्पना आली. माणसाला उपदेश करण्यापूर्वी त्याला राहण्याजोगे घर मिळाले पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी पुस्तकातून काढला नाही. तो त्यांना विद्यार्थ्यांनी शिकवला.

१८९३ मध्ये त्यांनी कारखान्याजवळ १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून तेथे घरे बांधण्यास प्रारंभ केला. घराने भूखंडाचा चौथ्या हिस्स्याहून अधिक भाग व्यापू नये, प्रत्येक घरामागे बाग असावी, असा दंडक घातला. दारूच्या गुत्त्याला तेथे थारा नव्हता. ही घरे केवळ आपल्या कामगारांसाठी नव्हती. बाहेरच्या माणसांनाही ती खुली होती. १९०० मध्ये ३३० एकर जमीन आणि ३१३ घरे असलेली ही सारी वसाहत त्यांनी एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. भाड्याचे उत्पन्न वसाहतीच्याच वाढीसाठी वापरावे, कॅडबरी कुटुंबाने त्यातील पैही घेऊ नये, अशी तरतूद केली. पुढच्याच वर्षी उदारमतवादी पक्षाच्या आग्रहावरून त्यांनी ‘डेली न्यूज’ या दैनिकात भांडवल घातले आणि लवकरच त्याची मालकी स्वीकारली. बोअर युद्धाला विरोध, वृद्धांना निवृत्तिवेतन, घरोघरी कवडीमोलाने राबणाऱ्या स्त्रियांचे हाल हे प्रश्न त्या पत्राने लावून धरले. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जुंपलेल्या चिनी मजुरांच्या स्थितीला गुलामगिरी म्हणून जाहीर दूषणे देण्यातही ते आघाडीवर होते.

आणि नेमका येथेच दिव्याखालचा अंधार उघडा पडला. शतकाच्या आरंभी कॅडबरींच्या कारखान्यात येणाऱ्या कोकोपैकी निम्म्याच्या आसपास माल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येई. पोर्तुगालने गुलामगिरी कागदोपत्री रद्द केली होती. प्रत्यक्षात अंगोलाच्या अंतर्भागातून माणसे विकत घेऊन किनाऱ्यावर आणत, पाच वर्षांच्या करारावर त्यांचा अंगठा घेत आणि त्यांना मळ्यांवर पाठवत. त्या मळ्यांवरून जवळजवळ कोणीच घरी परतत नसे. १९०१ मध्ये रिचर्ड यांचे पुत्र विल्यम कॅडबरी यांच्या हाती एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात पडली. मळ्याच्या मालमत्तेत जनावरांबरोबर मजुरांचीही किंमत धरलेली होती.

पुढे काय घडले, त्यातील तारखा बोलक्या आहेत. १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला जाऊन पोर्तुगीज अधिकाऱ्यांना भेटले. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट यांना चौकशीसाठी आफ्रिकेत धाडण्यात आले. त्याच सुमारास पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी स्वतः पाहिलेले भीषण वास्तव लेखांतून आणि १९०६ मध्ये पुस्तकातून जगापुढे मांडले. बर्ट यांच्या अहवालाने त्याला दुजोरा दिला. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा सल्ला मात्र सबुरीचा होता; ट्रान्सवालच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर हवे होते, आणि त्यामुळे पोर्तुगालला दुखवणे गैरसोयीचे होते. कंपनीचा युक्तिवाद असा की, आपण गिऱ्हाईक राहिलो तरच आपल्या शब्दाला वजन राहील. १९०८ मध्ये विल्यम स्वतः आफ्रिकेत गेले आणि मार्च १९०९ मध्ये फ्राय आणि राउन्ट्री या कंपन्यांसह कॅडबरींनी त्या बेटांच्या कोकोवर बहिष्कार घातला. तोवर आठ वर्षे उलटून गेली होती.

‘स्टँडर्ड’ने सप्टेंबर १९०८ मध्येच याच दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. ते पत्र विरोधी पक्षाचे. चिनी मजुरांसाठी अश्रू ढाळणाऱ्याने स्वतःचा कोको कुठून येतो हे पाहिले नाही, हा त्याचा टोला राजकीय वैरातून आला होता. परंतु वैऱ्याने विचारलेला प्रश्न वैऱ्याचा आहे म्हणून खोटा ठरत नाही. न्यायालयात कंपनीची बाजू रूफस आयझॅक्स यांनी, तर पत्राची बाजू एडवर्ड कार्सन यांनी मांडली. कार्सन यांचा सारा भर या आठ वर्षांवर होता. ज्यूरीने बदनामी झाल्याचे मान्य करून आणि एक फार्दिंग देऊन आपले दोन्ही अर्थ सांगून टाकले.

जॉर्ज कॅडबरी यांना दांभिक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. दांभिक माणूस चौकशी करवीत नाही, आणि स्वतःची वसाहत दानही करीत नाही. त्यांचा दोष वेगळा होता. जो अन्याय डोळ्यांसमोर दिसला, त्यावर त्यांनी तत्काळ उपाय केला. जो समुद्रापलीकडे होता, त्याबाबत ते कागद, अहवाल आणि शिष्टाई यांवर विसंबून राहिले. बर्मिंगहॅमच्या मजुराच्या घरी ते स्वतः पायी गेले. साओ टोमेच्या मजुराकडे त्यांचा प्रतिनिधी गेला, तोही चार वर्षांनी. बहिष्कारानंतर कंपनीने आपली खरेदी मुख्यतः गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळवली. तेथे आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीत कोको पिकवीत होते. म्हणजे दुसरा मार्ग अस्तित्वात होता.

२४ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्ज कॅडबरी निवर्तले. बोर्नव्हिलच्या हिरवळीवर हजारो माणसे त्यांना निरोप देण्यास जमली. आपले जुने राहते घर, वुडब्रुक, त्यांनी १९०३ मध्येच अभ्यासकेंद्रासाठी देऊन टाकले होते. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी १९३१ मध्ये तेथे जाऊन राहिले. कॅडबरींचे नाव १९४८ मध्ये धंद्याच्या निमित्ताने भारतात आले. पुढे ठाण्याला कारखाना निघाला आणि मराठी घरांतून चॉकलेटला ‘कॅडबरी’ हाच प्रतिशब्द झाला. २०१० मध्ये मूळ कंपनी अमेरिकी उद्योगसमूहाच्या मालकीची झाली. बोर्नव्हिलचा विश्वस्त निधी मात्र आजही काम करीत आहे.

प्रश्नही संपलेला नाही. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत सुमारे १५ लाख मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करीत होती. कंपन्यांची आश्वासने, अहवाल आणि मुदतवाढी यांचा क्रम शंभर वर्षांपूर्वीच्या त्या आठ वर्षांची आठवण करून देतो. भेसळ पदार्थात असते तशी ती पदार्थाच्या इतिहासातही असते. पहिली ओळखून काढण्याचे यंत्र जॉर्ज कॅडबरी यांनी हॉलंडहून आणले. दुसरी ओळखण्यासाठी लागते ती केवळ विचारण्याची तयारी, आणि उत्तर मिळाल्यावर उशीर न लावण्याची. एका फार्दिंगच्या त्या निकालाचा अर्थ एवढाच आहे.