कॅप्टन रिचर्ड किंग

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ‘किंग रँच’ या सुविख्यात गोकुरणाचा संस्थापक रिचर्ड किंग याचा जन्म १० जुलै १८२४ रोजी न्यूयॉर्क शहरी एका दरिद्री आयरिश कुटुंबात झाला. नवव्या वर्षी आईबापांनी त्याला एका जवाहिऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. तेथील जाच असह्य होऊन तो अकराव्या वर्षी पळाला व दक्षिणेकडे निघालेल्या जहाजात लपून बसला. पुढे नौकाच त्याची पाठशाळा झाली. खऱ्या शाळेचा लाभ त्याला अवघा आठ महिने घडला. १८४७ मध्ये तो रिओ ग्रँड नदीवर आला व आगबोटींच्या धंद्यात नावारूपास चढला.

१८५२ मध्ये प्रवासात रुक्ष, काटेरी माळरान तुडविताना त्याला सांता गर्ट्रूडिस नावाचा गोड्या पाण्याचा ओढा लागला. ती भूमी त्याच्या मनात भरली. पुढील वर्षी त्याने तेथील १५,५०० एकर जमीन एका मेक्सिकन घराण्याच्या वारसांकडून केवळ ३०० डॉलरांस घेतली. युद्धात मेक्सिकोचा पाडाव झाल्याने अशा घराण्यांचे दिवस फिरले होते. हे मोल न्याय्य होते काय, हा प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावा.

१८५४ मध्ये गुरे घेण्यासाठी तो मेक्सिकोतील क्रुइयास गावी गेला. अवर्षणाने गांजलेल्या ग्रामस्थांनी आपले सारे गोधन त्याला विकले. परतीच्या वाटेवर त्याच्या ध्यानी आले की, आपण या लोकांचे चरितार्थाचे साधनच नेत आहो. तो माघारी फिरला आणि निवारा, अन्न व वेतन देऊ करून त्याने त्यांना आपल्याकडे बोलाविले. सुमारे शंभर माणसे बिऱ्हाडासह निघाली. फासा टाकणे, डाग देणे, घोडी वठणीवर आणणे ही विद्या त्यांचीच होती. ‘किनेन्योस’, म्हणजे किंगची माणसे, या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेतील यादवी युद्धात किंगने गुलामांच्या श्रमांतून पिकलेला कापूस मेक्सिकोमार्गे परदेशी धाडून पैसा मिळविला. डिसेंबर १८६३ मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी त्याच्या घरावर छापा घातला. किंग तेथून निसटला होता. त्याच्या कुटुंबाच्या रक्षणास उभा राहिलेला फ्रान्सिस्को अल्वाराडो मात्र गोळीस बळी पडला. धन्याच्या वैभवाचे मोल सेवकाने प्राणांनी दिले.

१४ एप्रिल १८८५ रोजी किंग निवर्तला, तेव्हा मागे सहा लाखांहून अधिक एकर जमीन व पाच लाख डॉलरांचे कर्ज होते. पत्नी हेन्रिएटाबाईंनी जावयाच्या साहाय्याने ते कर्ज फेडून कुरण वाढविले व १९२५ मध्ये देह ठेविला. पुढे वंशजांनी, मूळ हिंदुस्थानातून आलेल्या वशिंडाच्या गुरांचा विलायती शॉर्टहॉर्न जातीशी संकर करून ‘सांता गर्ट्रूडिस’ ही नवी जात सिद्ध केली. १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

आजही ते कुरण सव्वाआठ लाख एकरांवर पसरलेले आहे. नाव त्यास एकट्या किंगचे असले, तरी क्रुइयासहून आलेल्या त्या शंभर माणसांच्या आणि त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांवर ते उभे आहे. किंगचे चरित्र वाचताना त्यांचेही स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य होय.