वावटळीमागे घोडा



गुरुजींनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी एका थोर शास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला सांगितले. मी बेंजामिन फ्रँकलिन निवडले. पतंगवाले फ्रँकलिन म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. पण मला त्यांच्या पतंगापेक्षा त्यांचा घोडा जास्त आवडला. का, ते पुढे येईलच.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन गावी झाला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवीत. घरात १७ मुले, त्यात बेन पंधरावा! इतक्या लेकरांत शाळेचा खर्च कसा पुरणार? दोनच वर्षे शाळा झाली आणि दहाव्या वर्षी तो मेणबत्त्यांच्या वाती कापायला बसला. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात लागला. तिथे पुस्तके मिळाली, तीच त्याची शाळा. भावाशी पटेना म्हणून सतराव्या वर्षी तो फिलाडेल्फियाला पळून गेला. (घरून पळणे चांगले नाही, पण झाले ते सांगितले पाहिजे.) पुढे स्वतःचा छापखाना झाला, वर्तमानपत्र निघाले, १७३१ साली गावात वाचनालय सुरू झाले. ४२ व्या वर्षी त्यांनी छापखान्याचे काम भागीदारावर सोपवले आणि ते विज्ञानाकडे वळले.

वादळाचे वेड मात्र त्याआधीचे. २१ ऑक्टोबर १७४३ च्या रात्री चंद्रग्रहण होते. फिलाडेल्फियात ईशान्येकडून वादळ आले, आभाळ भरले आणि ग्रहण काही दिसले नाही. बोस्टन तर ईशान्येलाच आहे, म्हणजे तिथे वादळ आधी पोचले असणार, असे कोणालाही वाटेल. पण भावाकडून कळले की बोस्टनला ग्रहण छान दिसले, वादळ नंतर आले! दुसरा असता तर गप्प बसला असता. फ्रँकलिन यांनी गावोगावच्या बातम्या जमवल्या आणि ताडले की वारा एकीकडून वाहतो, पण सगळे वादळ दुसऱ्याच दिशेने चालत जाते. त्यांनी उदाहरण कालव्याचे दिले. दार उघडले की आधी दाराजवळचे पाणी हलते, मग मागचे. आपल्याकडे वावरात पाणी सोडताना हे दिसतेच.

पतंगाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १७५२ साली त्यांनी गडगडाटात रेशमी पतंग उडवून ढगातली वीज दोरीवरून किल्लीपर्यंत आणली. मुलगा विल्यम सोबत होता. पतंगावर कडाडून वीज पडली असे चित्रात दाखवतात, ते चूक आहे. तसे झाले असते तर ते वाचलेच नसते. पुढच्याच वर्षी रशियात रिखमान नावाचे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना वीज अंगावर येऊन मेले. पोट्टेहो, हे कोणी करून पाहू नका.

फ्रँकलिन यांनी सांगितले की इमारतीवर उंच लोखंडी सळई लावा आणि ती तारेने जमिनीत नेऊन सोडा. मी पहिलीत होतो तेव्हा आमच्या वावरातल्या बाभळीवर वीज पडली. खाली बांधलेली गाय जागीच गेली. आई त्याच बाभळीखाली पाऊस उघडायची वाट पाहत बसली होती, थोड्या वेळापूर्वी उठून कोठ्यात गेली म्हणून वाचली. आजी म्हणते देवाची करणी. मला फ्रँकलिन यांचे चरित्र वाचताना ती बाभूळच दिसत होती. तिचे खोड अजून उभे आहे, एका बाजूने सोललेले.

आता घोडा. १७५५ साली मेरिलँडमध्ये ते कर्नल टास्कर यांच्या घरी घोड्यावरून चालले होते. खाली दरीत धुळीची वावटळ उठली आणि टेकडी चढून त्यांच्याकडेच आली. बुडाशी ती पिंपाएवढी, वर रुंद होत गेलेली. ४०-५० फुटांवर तिची रुंदी २०-३० फूट होती. सगळे थांबून पाहत राहिले. फ्रँकलिन घोडा घेऊन तिच्या कडेने निघाले! तेव्हा त्यांचे वय ४९. वावटळ मोडते का पाहायला त्यांनी तिच्यात चाबूकही हाणला. काही झाले नाही. (आमची आजी वावटळीला चप्पल मारायला सांगते. त्यानेही काही होत नाही.) वावटळ जंगलात शिरली, मोठी झाली, वाळला पाला उचलू लागली. त्या पाल्यामुळेच वारा गरगरत वर कसा चढतो हे त्यांना दिसले. स्वतःभोवती फिरण्याचा तिचा वेग भयंकर, पण पुढे सरकण्याचा वेग पायी माणसाला गाठता येईल इतकाच. सुमारे सव्वा किलोमीटर ते तिच्यासोबत गेले. मोडक्या फांद्या आजूबाजूला पडू लागल्या तेव्हा थांबले. नंतर त्यांनी विचारले, इकडे अशा वावटळी नेहमी येतात का? टास्कर म्हणाले, छे, ही खास तुमच्यासाठी मागवली!

पुढे ते देशाच्या स्वातंत्र्याच्या कामात पडले. १७७६ च्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १७ एप्रिल १७९० रोजी ते वारले. आज वादळामागे मोटारी आणि विमाने जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही २००९ पासून विमानाने ढगांत शिरून मोजमापे घेतली. विजेची आगाऊ सूचना देणारे दामिनी ॲपही त्याच संस्थेचे आहे. बाबांच्या मोबाइलवर मी ते घेऊन दिले आहे.

गेल्या चैत्रात बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकापलीकडे वावटळ उठली. माझ्याकडे घोडा नव्हता, मी पायीच धावलो. ६३ पावले मोजली, मग डोळ्यांत माती गेली. वहीत तेवढेच लिहिले आहे.

— इयत्ता ७ वी