डॉ. पंजाबराव देशमुख आणि धानाची बांधी

चंद्रपूर व गडचिरोलीकडील धानकरी वाचकांस सांगणे नलगे की, आषाढात परे टाकण्यासाठी कोठीतून काढलेले बियाणे म्हणजे घरच्या ताटातूनच काढलेले धान्य होय. थोड्या बियाण्यात अधिक पीक कसे यावे, हा प्रश्न ज्यांनी दिल्लीच्या मंत्रिपदावरून हाती घेतला, त्यांचे चरित्र थोडक्यात देतो.

पंजाबराव देशमुख ह्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी एका शेतकरी कुटुंबात २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. १९२० साली ते विलायतेस गेले व तेथे वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर, तसेच बॅरिस्टर होऊन परतले. एवढी विद्या मिळविलेला पुरुष शहरात सुखाने वकिली करिता; परंतु त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढिले, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली, आणि मध्यप्रांताचे मंत्री असता कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी १९३३ चा कर्जलवाद कायदा पुढे आणिला.

१९५२ ते १९६२ पर्यंत केंद्र सरकारात शेतीचे खाते त्यांजकडे होते. तेव्हा देशास परदेशांतून धान्य आणावे लागे. १९५३ साली त्यांनी जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर चालविली. तिची रीत साधी होती. मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढावे. उंच वाफ्यावर बी विरळ पेरावे. रोवणा ओळीने व अंतर राखून करावा. ओळींतून कोळपून तण काढावे. आणि कंपोस्ट व वरखत द्यावे. दाटी नसली म्हणजे रोपास फुटवे अधिक येतात, म्हणून कमी बियाण्यात जास्त लोंब्या मिळतात.

तथापि ही रीत सर्वत्र रुजली नाही. ओळीच्या रोवण्यास हात अधिक लागतात, वरखतास पैसा लागतो, आणि जेथे बोडी आटते तेथे कोणतीही रीत चालत नाही. ज्ञानास पाण्याची व पैशाची जोड हवी, हे ह्यावरून दिसते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला, तो शेतकऱ्यांचा आवाज एकवटावा म्हणूनच.

१० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले. १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांचे नाव धारण करिते, आणि त्याच विद्यापीठाचे धान संशोधन आपल्या सिंदेवाहीस चालते. वाचकहो, पुढल्या आषाढात निदान एका बांधीचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पाहावे. ह्यास खर्च मूठभर मिठाचाच आहे.